जमेल तेव्हा

दुपारी तीनला ग्रुपवर मुजावरभाईंचा मेसेज पडतो :
आज नऊ पोरं. सहाला हजर. काळी पँट, दाढी करून.
पहिल्या नऊ अंगठ्यांना काम.
घरात अंगठा उठवणारा शेवटचा माणूस म्हणजे आजोबा,
असं आम्ही मानत होतो.
मी लॅबमध्ये असतो, ब्युरेटच्या तोटीवर डावा हात,
उजव्यानं फ्लास्क फिरवत.
माझा अंगठा तरीही तिसरा किंवा चौथा.

भाई म्हणतात, आपल्याकडं जबरदस्ती नाही बघ,
जमेल तेव्हा यायचं, पेपर असला तर सांगायचं.
खरंच आहे ते.
सप्टेंबरात दोनदा सांगितलं, पेपर आहे.
मग दिवाळीपर्यंत
माझा अंगठा दहावाच निघत राहिला.
भाई रागावले नव्हते.
कावळा नाक्यावर भेटले तेव्हा चहाही पाजला.

शर्ट त्यांचा. बॅजही त्यांचा,
त्यावर नाव आधीचंच आहे : नितेश.
हा नितेश कोण, नक्की कुणालाच सांगता येत नाही.
एक म्हणतो पोलीस भरतीत लागला,
एक म्हणतो गोव्याला बोटीवर असतो.
मी साडेपाच तास नितेश असतो,
तासाला सत्तर रुपये, जेवण वेगळं.
“नितेश, इकडं पांढरा फिरव की जरा!”
आणि मान वळते,
मला विचारायच्या आधी.

तांबडा वाढायचीही रीत आहे.
वरचा तवंग मोडायचा नाही,
पळी तिरकी घालायची, तळातून उचलायची,
आणि वाटीच्या काठाखाली बोटभर
थांबायचं.
ओतायला कुणालाबी येतंय, भाई म्हणाले,
थांबायला शिक.
विद्यापीठात हेच दोन वर्षं शिकवतायत.
तिथं त्याला अंत्यबिंदू म्हणतात.

काल कसबा बावड्याच्या हॉलवर
कुणाच्या तरी नातवाचा पहिला वाढदिवस,
मटणाच्या तीन पंगती.
नातू झोपला होता फुग्यांखाली, सगळा वेळ.
दुसऱ्या पंगतीला, पाचव्या टेबलावर
मृदुला इंगवले.
माझ्याच बॅचची. माझ्या शेजारचंच बेसिन तिचं.
तिनं माझ्याकडं बघितलं, मग बॅजकडं,
मग परत माझ्याकडं,
आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,
“नितेश, मला थोडाच घाला.”

घाला.
ही सांभाळून घेणं होतं की चेष्टा,
अजून ठरत नाही.
त्या वाटीत अंत्यबिंदू चुकला.
कफवर तांबडं, रुपयाएवढं.

शेवटची केएमटी कधीच गेली होती.
लाइन बाजारातून चालत आलो,
सायबर चौकाच्या खोलीपर्यंत एक तास दहा मिनिटं,
पिशवीत भाकरी, कांदा, लिंबाची फोड.
शर्टाचा डाग ज्याचा त्यानं काढायचा, नाहीतर पन्नास कट.
मोरीत साबण लावला
तर पिवळा झालेला डाग लालभडक उठला,
भांडणात उठतो तसा.
घाबरायचं कारण नाही. हळद आहे.
अल्कलीत ती लाल होते,
लिंबू पिळलं की परत पिवळी.
पेपरात लिहिलं तर दोन मार्क आहेत याला.
मी फोड पिळली, साबण लावला, परत पिळली,
रात्री दीड वाजता
एकटाच हसत होतो बहुतेक,
कारण अडिसरे कूस बदलून म्हणाला, झोप की लेका.
डाग गेला नाही. फक्त रंग बदलत राहिला.

आज सकाळी प्रॅक्टिकल.
खिडकीबाहेर कॅम्पसातला मोर ओरडत होता,
सरांनी हजेरी घेतली, मी ‘येस सर’ म्हणालो.
बेसिनशी मृदुला.
“विद्याधर, पिपेट दे ना.”

मी काचेवरची रेघ बघत होतो,
पाणी उतरतंय, उतरतंय,
“विद्याधर!”

तिला दोनदा हाक मारावी लागली.